बळवंत तामोरेचं लॉगबुक

दातिवऱ्याच्या दामू तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या कप्तानाच्या, घराण्यात समुद्राकडे पाठ फिरवणारा पहिला आणि आजवर शेवटचा माणूस म्हणजे बळवंत तामोरे. भित्रा होता म्हणून नव्हे हो, त्याला बोट लागायची. किनारा सुटला की पोटातलं सगळं बाहेर. बापाने दोन हंगाम कळ काढली. तिसऱ्या हंगामात ऐन जाळं ओढायच्या वेळेला पोरगा काठावर ओणवा झालेला बघून दामूने बोटीवरच निकाल दिला, की या पोराने मासळी धरली त्यापेक्षा मासळीला खाऊ जास्त घातलंय, याला जमिनीवरचं काहीतरी बघा.

जमिनीवरचं म्हणजे तारापूरची एमआयडीसी. तिथे कापड रंगवायच्या एका कंपनीत तो आधी कोळसा ओढायला लागला, मग परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झाला, आणि पुढची एकोणतीस वर्षं तोच राहिला. जवळच सालवडला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, लग्न केलं, पूर्वी नावाची मुलगी झाली, पण ही सगळी कामं त्याने पाळी सांभाळून केली. बॉयलर म्हणजे काय, तर पाणी उकळून वाफ करणारं एक अवाढव्य भांडं. पण ते नजरेआड करून चालत नाही. आतलं पाणी संपलं आणि खाली आग चालूच राहिली, तर आजूबाजूच्या चार कंपन्यांना कायमची सुट्टी. म्हणून तिथला पहिला नियम असा, की तुमची पाळी संपली तरी पुढचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो येणार, काचेतली पाण्याची पातळी बघणार, प्रेशर बघणार, लॉगबुकात सही करणार, 'चार्ज घेतला' म्हणणार, मग तुम्ही घरी. बळवंतच्या हाडीमासी हा नियम खिळला होता. पूर्वीच्या बारशाला तो तीन तास उशिरा पोचला, कारण रिलिव्हर आला नव्हता. भाग्यश्रीने, म्हणजे त्याच्या बायकोने, हे त्याला अजून माफ केलेलं नाही आणि करायचा तिचा विचारही दिसत नाही.

मित्र म्हणाल तर तीन. पालघरकडच्या माहीमचा सुजीत, ज्याच्या घरची चिकूची आणि पानवेलींची वाडी आहे, तो एक अटेंडंट. रामसजीवन हा उत्तरेकडून आलेला दुसरा अटेंडंट. आणि आत डोंगराकडच्या पाड्यातला जिवल्या, बॉयलरच्या पोटात कोळसा भरणारा, चौघांत सर्वांत वळणदार अक्षराचा आणि सर्वांत कडक. आता यांच्या मैत्रीची गंमत ऐका. तिघे अटेंडंट एकमेकांचे रिलिव्हर, म्हणजे एक आला की दुसरा जाणार. अठरा वर्षांत हे लोक एका वेळेला दहा मिनिटांवर कधी भेटलेच नव्हते. पाणी ठीक, प्रेशर ठीक, पंप थोडा आवाज करतोय, मुलीला ताप आहे, चल. अशा दहा-दहा मिनिटांवर त्यांनी अख्खी मैत्री उभी केली होती, आणि बळवंतच्या मोबाइलमध्ये सुजीतचं नाव 'रिलिव्हर १' असं होतं.

मग कंपनीने आपलं बिऱ्हाड गुजरातेत हलवलं. यात कोणाचं काय चुकलं ते मालक जाणे. तीस एप्रिल हा शेवटचा दिवस ठरला. बॉयलर थंड व्हायला वेळ घेतो, म्हणून शेवटची पाळी बळवंतची, सकाळी सात ते तीन. बाकीच्यांना सुपरवायझरने आदल्या दिवशीच सांगितलं होतं की येऊ नका, काम नाही. एक पेढ्यांचा बॉक्स आणि एक भिंतीवरचं घड्याळ देऊन बळवंतचा सत्कार झाला. ज्या माणसाला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ द्यायची अक्कल कोणाची, हे विचारण्यात अर्थ नाही.

तीन वाजले. बळवंतने लॉगबुक भरलं. प्रेशर शून्य, आग बंद, चार्ज देणाऱ्याची सही, बळवंत तामोरे. शेजारच्या रकान्यात चार्ज घेणाऱ्याची सही. तो रकाना कोरा होता. बळवंतला काय कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. पण पाय उचलेना. तो स्टुलावर बसला आणि दाराकडे बघत राहिला. साडेचारला वॉचमन आला आणि म्हणाला की साहेब, गेटला कुलूप लावायचंय. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा बळवंत चार्ज न देता घरी गेला. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नाही. सांगायची कशी? विझलेल्या बॉयलरपाशी दीड तास बसलो होतो, हे सांगितलं तर लोक हसले असते.

मे महिन्यात पूर्वीचं लग्न झालं. लग्नात तो व्यवस्थित वागला, हसला, जावयाच्या गळ्यात पडला, कॅटररच्या गॅसची नळी स्वतः तपासून आला. पूर्वी सासरी नाशिकला गेली. घर चालवायचं म्हणून भाग्यश्रीने बोईसरच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात नोकरी धरली. सकाळी साडेसातला डबा घेऊन ती बाहेर पडू लागली, आणि बळवंत घरात एकटा राहिला. मग जूनमध्ये एके दिवशी तो पलंगावर आडवा झाला आणि उठेनासा झाला.

म्हणजे अगदीच उठायचा नाही असं नाही. संडासला जायचा, ढकललं तर दोन घास खायचा. पण दाढी बंद, आंघोळ बंद, बोलणं बंद. पहाटे सव्वापाचला डोळे उघडायचे ते मात्र बंद झालं नाही. उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडायचं. एकोणतीस वर्षं कानात बॉयलरची घरघर होती, आता कानात काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याचा त्याला भयंकर त्रास व्हायचा. छातीवर कोणी ओली गोणी ठेवली आहे असं वाटायचं. आपण निरुपयोगी झालो, बायको राबतेय आणि आपण लोळतोय, याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की तो आणखी लोळायचा.

नातेवाइकांनी आपापली अक्कल पाजळली. दातिवऱ्याहून आलेल्या आत्याने मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेजारच्या बळवंतहून दहा वर्षांनी लहान गृहस्थाने सकाळी अनवाणी गवतावर चालायला सांगितलं. सालवडात गवत शोधायला निघाला असता तर त्यातच दिवस गेला असता. मेहुणा म्हणाला की दाजींना कसला आजार, खाऊनपिऊन सुखी माणूस, नुसता आळस आहे. हे ऐकून भाग्यश्रीने भावाला चहाही न देता वाटेला लावलं. तिला काय झालंय ते कळत नव्हतं, पण हा आळस नाही एवढं कळत होतं. पंचवीस वर्षांत या माणसाला तिने एकदाही आळशी पाहिलं नव्हतं. तिने त्याचा मोबाइल उचलून मित्र शोधायला घेतले, आणि तिला सापडले ते 'रिलिव्हर १', 'रिलिव्हर २' आणि जिवल्या.

तिघे अकरा जुलैला एकत्र आले. पलंगाभोवती उभे राहून त्यांनी बळवंतकडे जे बघितलं ते सरळ बंद पडलेल्या मशिनकडे बघावं तसं. रामसजीवनला रडू आलं आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरकडे जायचं नाव काढताच बळवंतने भिंतीकडे कूस वळवली. आर्जवं झाली, दटावणी झाली, उपयोग नाही. मग जिवल्या पलंगाच्या कडेला टेकला आणि त्याने एकच मुद्दा मांडला. बॉयलर वर्षातून एकदा इन्स्पेक्टरला दाखवावा लागतो, तसा कायदा आहे, बरोबर? तुझं एकोणतीस वर्षांत एकदा तरी इन्स्पेक्शन झालंय का? बळवंतने विचार केला. मुद्दा कायद्याचा होता. तो उठला आणि शर्ट शोधू लागला.

पालघरला डॉक्टर हिमानी म्हणून मनाच्या आजारांच्या डॉक्टर बसतात, तिथे रिक्षात चौघे कोंबून गेले. बाई वयाने त्याच्या लेकीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी घाई न करता सगळं विचारलं, आणि शेवटी सरळ विचारलं की मरून जावंसं वाटतं का. बाकीचे तिघे एकदम जमिनीकडे बघायला लागले.

"मरायचं नाय, मॅडम," तो म्हणाला. "पण उठायचंबी नाय. उठून करायचं काय?"

डॉक्टर म्हणाल्या की याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे, आळस नाही आणि नाटकही नाही. एकाच वेळी नोकरी गेली, मुलगी गेली, घराची घडी बदलली, मन बसलं. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, त्या मनाने बंद करायच्या नाहीत, मरायचा विचार डोक्यात आला तर कधीही फोन करायचा. सध्या यांना एकटं सोडू नका. आणि झोप, जेवण, मूड यांची रोज थोडी नोंद ठेवा.

एकटं सोडू नका. नोंद ठेवा. आता हे वाक्य तुम्हाआम्हाला सांगितलं असतं तर आपण अधूनमधून डोकावलो असतो आणि कॅलेंडरवर दोन शब्द खरडले असते. पण हे सांगितलं कोणाला, तर बॉयलर हाउसच्या तीन माणसांना. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्या दृष्टीने यात समजावून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, बारा जुलैला, सकाळी साडेसातला सुजीत लॉगबुक घेऊन हजर झाला. कंपनीचंच होतं. भंगारात चाललेल्या रद्दीच्या ढिगातून त्याने उचललं होतं. अर्ध्याहून जास्त कोरं पुस्तक टाकवलं नाही त्याला. वापरलेली पानं मध्ये येऊ नयेत म्हणून ती रबरबँडने बांधून टाकली होती. पाळ्या ठरल्या. साडेसात ते अकरा एक, अकरा ते अडीच दुसरा, अडीच ते सहा तिसरा, दर आठवड्याला फिरती. सहानंतर भाग्यश्री, कायमची रात्रपाळी. तिने हरकत घेतली की पुरुषमाणसं उगाच घरात बसून काय करणार. पण तिच्याकडूनही रोज संध्याकाळी सही घेतली जाऊ लागली तेव्हा तिने नाद सोडला.

रकाने बदलायची गरज कोणाला वाटली नाही. 'पाण्याची पातळी' या रकान्यात पाणी आणि चहा. 'इंधन' म्हणजे जेवण. 'प्रेशर' म्हणजे मूड. बॉयलरच्या तळाशी साचलेला गाळ रोज बाहेर सोडतात त्याला ब्लोडाउन म्हणतात; तो रकाना कशासाठी वापरला ते मी सांगत बसत नाही. जिवल्याच्या वळणदार अक्षरात दुसऱ्या आठवड्याच्या नोंदी आजही वाचता येतात. 'सकाळी ९. प्रेशर फार कमी. १०. तेच. १०.२०, एक उसासा. सेफ्टी व्हॉल्व चालू असल्याचे दिसते. ११. चहा दिला. ब्लोडाउन नाही.' रामसजीवन हिंदीत लिहायचा आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'भगवान मालिक है' असं जोडायचा. जिवल्याने त्याला बजावलं की शेऱ्याच्या रकान्यात फक्त जे दिसलं ते लिहायचं. सुजीतचं अक्षर असं की काय लिहिलंय ते त्यालाही दुसऱ्या दिवशी लागत नसे.

बळवंतला या सगळ्याचा संताप यायला हवा होता, पण संतापायलाही जीव लागतो. तो पडून राहायचा. बसणाऱ्याची पंचाईत वेगळीच. दहा मिनिटांपुरतं बोलायची सवय असलेली ही माणसं, साडेतीन तास बोलणार काय? पहिली दहा मिनिटं मजेत जायची, मग शुकशुकाट. सुजीतने चिकूची छाटणी समजावून सांगितली. रामसजीवनने गावाकडच्या म्हशींची वंशावळ सांगितली. जिवल्या काहीच बोलायचा नाही. स्टुलावर बसून बळवंतकडे एकटक बघायचा, कंपनीत भट्टीच्या दाराकडे बघायचा तसं. गंमत म्हणजे बळवंतला तेच जरा बरं वाटायचं. कोणी बरं व्हायला सांगत नव्हतं.

असे पाच आठवडे गेले. गोळ्यांनी झोप थोडी लागायला लागली, बाकी प्रेशर जेमतेम. आणि मग तो मंगळवार आला.

सुजीत पहिल्या पाळीला, आणि आला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, कारण माहीमला त्याच्या भाचीच्या बाळाचं बारसं होतं, बारा वाजता. भाचीचा मामा म्हणून पहिला मान त्याचा. जिवल्या त्या दिवशी पाड्यावर, म्हणून त्याचीही पाळी धरून अकराला रामसजीवन येणार होता. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. फोन बंद. बारा वाजता माहीमहून सुजीतच्या बहिणीचा फोन. पाळणा सजलाय, तुझी वाट बघतोय. सुजीत गॅलरीत जाऊन दबक्या आवाजात म्हणाला की निघालोच. साडेबाराला पुन्हा फोन, पुन्हा निघालोच. एकला त्याच्या बायकोचा फोन आला, तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण परत येऊन तो स्टुलावर बसला आणि त्याने लॉगबुकात लिहिलं, 'रिलिव्हर नाही.'

बळवंत पलंगावरून हे सगळं ऐकत होता. त्याने भिंतीकडे तोंड ठेवूनच सांगितलं की जा तू, मी काय पळून जातोय का? सुजीत म्हणाला की तसा नियम नाही. बळवंतला आपल्या लेकीचं बारसं आठवलं. भाग्यश्रीचं त्या दिवशीचं तोंडही आठवलं. आता या गाढवाच्या मागेही ते जन्माचं लागणार, आणि कशापायी, तर आपल्यापायी.

दोनच्या सुमाराला सुजीतचा आवाज बदलला. तो आधीच शुगरचा माणूस; बारशाला जेवायचं म्हणून सकाळी गोळी घेऊन नुसत्या चहावर आला होता. कपाळावर घाम, हात थरथरतायत. बळवंतने मान वळवून बघितलं. एकोणतीस वर्षं काटा हलला की न बोलता उठणारा माणूस तो. तो उठला. आधी साखरेचा डबा आणून दोन चमचे साखर सुजीतच्या तोंडात कोंबली, वर पाणी पाजलं, थरथर थांबेपर्यंत शेजारी उभा राहिला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

सुजीत भिंतीला टेकून बघत होता. कुकरने पहिली शिट्टी दिली तसा बळवंतचा कान टवकारला. दुसरी शिट्टी अर्धवट झाली, आणि बळवंत बोलला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

"हा कुकर कोणी बघितला होता? रबर गेलंय याचं. शिट्टीत कचरा हाय, बाजूने वाफ जातेय. घरात बाई एकटी असते, काय झालं असतं म्हणजे?"

मग त्याने गॅस बंद करून वाफ जाऊ दिली, कुकर उघडला, शिट्टी सुईने साफ केली, रबर उलटं करून बसवलं आणि भात पुन्हा चढवला. तो होईपर्यंत सुके बोंबील भाजून, लसूण-मिरचीत कुटून चटणी केली. दोघं जमिनीवर मांडी घालून जेवले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. सुजीतने हात धुऊन आधी नोंद केली, 'दु. २.४०. उठला. भात केला. माझ्यावर आणि कुकरवर ओरडला. प्रेशर चांगलं.' आणि मग तोंड फिरवून त्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. बाहीला चटणी लागली होती. त्यामुळे पुढची दहा मिनिटं तो खराखुराच रडत होता.

रामसजीवन सव्वातीनला धापा टाकत आला. तो आता दुसऱ्या कंपनीत बॉयलरवर होता, आणि तिथे त्याचा स्वतःचा रिलिव्हर आला नव्हता. तो जागा सोडणार कसा? त्याचं बरोबरच होतं. सुजीत माहीमला पोचला तेव्हा बाळाचं नाव ठेवून बाळ झोपलं होतं. त्याच्या बहिणीने त्याला माफ केलेलं नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टर हिमानींनी लॉगबुक मागितलं आणि वाचता वाचता त्या थांबल्या. रोज तेवीस वेळा ब्लोडाउनची चौकशी कशासाठी, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी बळवंतकडे बघितलं. बळवंतने घसा साफ करून, गाळ कसा साचतो आणि तो वेळच्या वेळी न सोडल्यास काय परिणाम होतात, हे शास्त्रशुद्ध समजावून दिलं. बाई हसू दाबत खाली बघून लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या की एवढी तपशीलवार नोंद मला आजवर कोणी आणून दिली नाही, आणि जिथे तो ओरडला असं लिहिलं होतं त्याखाली त्यांनी रेघ मारली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. गणपतीला पूर्वी आली, चार दिवस घर भरलं, आणि ती परत गेली त्या दिवशी बळवंत पुन्हा आडवा. नोंदीत सलग नऊ दिवस 'प्रेशर पडलं' असंच आहे. बळवंतला वाटलं, संपलं, आता आपण हे असेच. पण डॉक्टर म्हणाल्या की असं होतं, गोळ्या चालू ठेवा. आणि जिवल्याने सांगितलं की ओला कोळसा आला म्हणून कोणी बॉयलर मोडीत काढत नाही. दहाव्या दिवशी बळवंत दाढी करून आला. दसऱ्यापर्यंत तो इमारतीतल्या अकरा घरांचे कुकर तपासून झाला होता, आणि तीन बायकांना त्याने लेखी ताकीद दिली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या आणखी काही महिने चालतील, पण ही चोवीस तासांची सोबत आता हळूहळू थांबवा. तिघांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला हजर झाले. भाग्यश्रीने विचारलं की डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलं नाही का. सुजीत म्हणाला की ऐकलं वहिनी, पण चार्ज कोणाला द्यायचा? ती कपाळाला हात लावून कामाला गेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जिवल्याची दुसरी पाळी होती. त्याच्या पाड्यावर भात कापून पडलं होतं, आभाळ भरून आलं होतं, आणि बायको तानी एकटी भारे उचलत होती. अडीचला रामसजीवन यायचा होता. तीन वाजले. जिवल्या स्टुलावर बसून राहिला. दर दोन मिनिटांनी तो खिडकीतून आभाळ बघत होता.

बळवंत उठला. त्याने जिवल्याच्या हातातून लॉगबुक घेतलं, चष्मा लावला आणि घड्याळ बघितलं, तेच सत्काराचं. लिहिलं, 'दु. ३.०५. पाणी ठीक. प्रेशर ठीक. इंधन घेतले.' मग शेवटच्या रकान्यात सही केली.

जिवल्याने पुस्तक वळवून बघितलं. चार्ज घेणाऱ्याच्या जागी बळवंत तामोरे. त्याने बराच वेळ बळवंतच्या तोंडाकडे बघितलं, मग उठून रीतसर उभा राहिला.

"गोळी रात्री नवाला," तो म्हणाला. "पाणी कमी पितो, बघून घे. चार्ज दिला."

"घेतला," बळवंत म्हणाला.

जिवल्या गेला. जिन्यातली पावलं संपली. घरात बळवंत एकटा. त्याला भीती वाटली, खोटं कशाला बोला. तो त्या स्टुलावर बसला आणि हाताला चाळा म्हणून लॉगबुकाची पानं उलटी चाळू लागला. इतके महिने त्याने ते हातात धरलं नव्हतं. आपल्याबद्दल लिहिलेलं वाचायचा धीर झाला नव्हता. नऊ दिवस पडलेलं प्रेशर. कुकर. पहिला उसासा. बारा जुलै, सुजीतचं कोंबडीने उकरल्यासारखं अक्षर. त्याच्या मागे रबरबँड. बळवंतने तो काढला.

तीस एप्रिल. प्रेशर शून्य. आग बंद. त्याची स्वतःची सही, आणि शेजारी तो कोरा रकाना. त्याच्या समोरच्याच पानावर, मध्ये एकही पान न सोडता, बारा जुलै, सकाळी साडेसात, सुजीत.

रामसजीवन त्या दिवशी कंपनीत अडकला तो आलाच नाही. सहा वाजता भाग्यश्री आली, तिने इकडेतिकडे बघितलं आणि ड्युटीवर कोण आहे ते विचारलं. बळवंतने पुस्तक पुढे केलं. तिने सही बघितली, पिशवी खाली ठेवली, आणि त्याच्याशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजीत आला तेव्हा बळवंत आंघोळ करून बसला होता. त्याने तीस एप्रिलचं पान उघडून समोर ठेवलं. शेऱ्याच्या रकान्यात त्याने ताज्या शाईने लिहिलं होतं, 'रिलिव्हर त्र्याहत्तर दिवस उशिरा आला.' आणि कोऱ्या रकान्यावर त्याने बोट ठेवलं.

सुजीतला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. त्या दिवशी तू थांबला होतास का, असं त्याने विचारलं.

"साडेचारपर्यंत," बळवंत म्हणाला. "सही कर. आनि उशिराचं कारण लिही."

सुजीतने सही केली. मग त्याने कारणाच्या जागी पेन टेकवलं. लिहून झाल्यावर त्याने पुस्तक वळवलं. बळवंतला चष्मा पुसून दोनदा वाचावं लागलं, आणि या खेपेला दोष फक्त अक्षराचा नव्हता. लिहिलं होतं, 'मला कोणी कळवलं नाही. कळलं असतं तर आलो असतो.'

बळवंतने पुस्तक मिटलं. चहा टाकतो म्हणून तो आत गेला, आणि आतच राहिला. थोड्या वेळाने चहा उतू जाऊन शेगडीवर जळल्याचा वास आला. एकोणतीस वर्षांत या माणसाच्या हातून कधी काही उतू गेलं नव्हतं. सुजीत अर्धा उठला आणि परत बसला. आजचा चार्ज त्याच्याकडे नव्हता, बळवंतकडे होता.